सगळ्यांना चालेल अशी गाडी

मी एक गाडी बोलतेय. रंग राखाडी, पाठ लांब आणि चेहरा असा, की पार्किंगमध्ये मालकालाही मी चटकन सापडत नाही. माझ्या रूपाबद्दल कोणी कधी चार शब्द बोललं नाही आणि मीही ती आस धरली नाही. ज्यांनी मला घडवलं, त्यांनीच ठरवलं होतं की हिने सगळ्यांच्या थोडं थोडं उपयोगी पडावं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवते ती शोरूम. माझ्या एका बाजूला छोटी लाल गाडी उभी होती, बटव्यात मावेल एवढी. दुसऱ्या बाजूला माल वाहायची गाडी, जिच्या पाठीला खिडकीच नव्हती. त्या दोघींकडे येणारी माणसं मनाशी काहीतरी ठरवून आलेली असत. माझ्याकडे येणारी माणसं आधी त्या दोघी बघून, आपसात वाद घालून, दमून आलेली असत.

हे कुटुंबही तसंच आलं. चौघंजण होते. मालकांचा खिडक्यांना काचा बसवायचा धंदा. त्यांचे वडील, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात, त्यांचा उजवा गुडघा वाकत नाही. मुलगी सायकलच्या शर्यतींत उतरते. आणि मुलीची आई घरी पडदे शिवते. काचांच्या दुकानात येणारे सगळे तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही वहिनीच म्हणते.

"एक छोटी घ्या आणि एक मोठी घ्या, मिटला वाद," मुलगी म्हणाली.

"दोन गाड्या? उभ्या कुठे करायच्या, तुझ्या खोलीत?" मालक म्हणाले.

तेवढ्यात विक्रेता पुढे झाला. "साहेब, ही बघा. दुकानाला चालेल, दवाखान्याला चालेल, गावाला जायला चालेल. ही घेतली की दुसरीकडे बघायलाच नको."

मग माझी परीक्षा सुरू झाली. नानांनी माझं दार चार वेळा उघडलं, चार वेळा लावलं, पाय सरळ ठेवून बसले आणि काठी टेकवत उठले. "माझा गुडघा वाकत नाही आणि मीही वाकत नाही," ते म्हणाले. "बसल्यावर उठता येतंय, एवढं मला पुरे. बाकीचं तुमचं तुम्ही बघा." मुलगी थेट डिकीत आडवी झाली आणि आतूनच ओरडली, "चाक न काढता सायकल मावेल!" मालकांनी खिशातून टेप काढली, मागच्या सीटचा मोठा भाग पाडला आणि विक्रेत्याच्या हातात टेपचं टोक दिलं. तावदानं उभी राहतील, मोठा आरसा तिरपा बसेल, जाड चादरी दाराशी ठेवता येतील, असा त्यांचा हिशोब मोठ्याने चालला होता.

या गडबडीत वहिनींनी पुढचं दार उघडलं आणि त्या स्टिअरिंगपाशी बसल्या. त्यांचे पाय पोचत नव्हते. "ही सीट पुढे येते का हो?" त्यांनी विचारलं. विक्रेता मागे डिकीत टेप धरून वाकला होता, त्याला ऐकू गेलं नाही. वहिनींनी सीटखाली हात घालून चाचपलं. दांडा त्यांना सापडला. त्या तो ओढणार, इतक्यात मागून हाक आली, "अगं, इकडे ये, हे टोक जरा धर." त्या उतरल्या आणि जाऊन टोक धरलं.

या घराची एक रीत आहे. काही ठरवायचं असलं की मालक एकेकाला विचारतात, "चालेल?" सुरुवात थोरल्यापासून. नाना, मग स्वतः मालक, मग मुलगी. वयाचा नियम वहिनींपाशी मोडतो, त्यांना शेवटी विचारतात. कारण त्यांचं उत्तर ठरलेलं असतं.

"चालेल," वहिनी म्हणाल्या. आणि मी त्यांच्या घरी आले.

हा शब्द माझ्या गोत्रातला, म्हणून मी तो कान देऊन ऐकते. माझी जागा स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आहे, त्यामुळे ऐकायची तोशीस पडत नाही. नानांचं 'चालेल' म्हणजे मान्य आहे, पण उपकार माझे. मुलीचं 'चालेल की' म्हणजे तिला हवंच होतं. मालकांचं 'चालेल ना?' हा प्रश्न नसतो, निकाल असतो. वहिनींच्या 'चालेल'च्या आधी मात्र एक छोटा श्वास असतो. तो त्या घरात कोणाला ऐकू आलेला नाही. सगळ्यांना शब्दच पुरतो.

मी कामाला लागले. सकाळी काचा, दुपारी नानांचा दवाखाना, सुट्टीच्या दिवशी सायकल. काचा भरल्या की मागच्या सीटचा मोठा भाग पडलेला असे आणि एकच माणूस मावेल एवढी जागा उरे. ती वहिनींची. एक हात मांडीवरच्या पिशवीवर, एक हात चादरीत गुंडाळलेल्या काचेवर, म्हणजे वळणावर काच हलू नये. नाना पुढे बसत, कारण गुडघा. त्या जागेवरून खिडकीतून बाहेरचं काही दिसत नाही, डोळ्यांसमोर असते ती फक्त काचेवरची चादर. वहिनींनी कधी तक्रार केली नाही, आणि ज्याने तक्रार केली नाही त्याचं बरं चाललंय असं माणसं धरून चालतात. माझ्या डाव्या मागच्या चाकाचं अनेक महिने असंच झालं होतं.

माझ्याबद्दल मालक चारचौघांत फार कौतुकाने बोलत. "आमची गाडी म्हणजे हरकामी. घरातल्या एकूण एक माणसाची गरज भागवते." तेव्हा वहिनी बहुतेक बसस्टॉपवर असत. पडद्यांचे गठ्ठे घेऊन त्या बसनेच जात, कारण मी रिकामी कधी नसेच.

मग नदीपलीकडच्या एका जुन्या हॉटेलचं काम त्यांच्याकडे आलं. मजल्यामजल्यावरच्या खोल्यांचे सगळे पडदे, अस्तरासकट, दांड्यांसकट. आजवर त्यांनी शेजारपाजारच्या खिडक्या शिवल्या होत्या. हे पहिलं काम असं होतं की ज्याला लोक काम म्हणतील. त्या दिवशी त्यांचं मशीन मला जरा वेगात ऐकू आलं.

जेवताना त्यांनी विषय काढला. "आठवड्यातली एक सकाळ गाडी मिळाली तर माझं हॉटेलचं काम होईल."

"बघू," मालक म्हणाले.

'बघू'चा अर्थ कळायला फार शहाणपण लागत नाही. पुढच्या आठवड्यात वहिनी खांद्यावर दांड्या घेऊन बसकडे गेल्या आणि तशाच परत आल्या. कंडक्टरने चढू दिलं नव्हतं. "ताई, ही दांडी कोणाच्या डोळ्यात गेली म्हणजे?" हे त्यांनी मुलीला हसत हसत सांगितलं. फोनवर मात्र हसल्या नाहीत. हॉटेलच्या मॅनेजरबाई पलीकडून काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण वहिनी म्हणाल्या, "नाही, नाही, दुसऱ्या कोणाला देऊ नका. महिनाअखेरीआधी पहिल्या मजल्याचे पडदे टांगलेले असतील. मी करते व्यवस्था." फोन ठेवल्यावर त्या खिडकीतून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

त्याच सुमारास मालकांच्या मनगटाला काच लागली. टाके पडले, बँडेज आलं आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायला मनाई केली. मग चालकाचा शोध सुरू झाला. शेजाऱ्यांच्या भाच्याला विचारून झालं, दुकानासमोरच्या टॅक्सीवाल्याला विचारून झालं. एक पगारी चालक आला, त्याने पहिल्याच चौकात असा ब्रेक दाबला की मागे ठेवलेल्या गिऱ्हाइकाच्या आरशाच्या ठिकऱ्या झाल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी डोळ्यांनी पाहिला. वहिनींच्या पर्समध्ये लायसन्स होतं. लग्नाआधी भावाच्या छोट्या गाडीवर त्या शिकल्या होत्या.

"मी चालवू का?" त्यांनी एकदा विचारलंसुद्धा.

मालक हसले. मनात वाईट काही नव्हतं, मी त्यांना ओळखते. "अगं, केवढी लांब आहे ती! तुला झेपायची नाही."

शेवटी मालकांनी ठरवलं की मला विकायचं. दुकानासाठी माल वाहायची गाडी चालकासकट ठेवायची, नानांना टॅक्सी, आणि सायकलला स्वतःची चाकं आहेतच. वहिनींच्या दांड्यांचं काय, हा प्रश्न निघालाच नाही. मला स्वतःला काही वाटलं नाही. इथे काय आणि तिथे काय, मला चालेल, असंच मी धरून होते. सवय लागते.

रविवारी सकाळी गिऱ्हाईक आलं. वाद्यं दुरुस्त करणारे एक गृहस्थ, कानाने जगणारा माणूस. त्यांनी माझ्या अंगावरून हात फिरवला नाही, टायरला लाथ मारली नाही. बॉनेटपाशी मान तिरपी करून उभे राहिले.

"एक चक्कर मारू या," ते म्हणाले. "पण तुमच्यापैकी कोणीतरी चालवा. मी शेजारी बसून ऐकतो. स्टिअरिंग हातात आलं की माझे कान मिटतात."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मालकांचा हात बँडेजमध्ये. नानांचा गुडघा. मुलीचं अजून वय नाही.

"मी चालवते," वहिनी म्हणाल्या. या वेळी आधी श्वास नव्हता.

"लायसन्स आहे का, सूनबाई?" नानांनी विचारलं.

"आहे, नाना. मुदत संपली की दर वेळी वाढवून आणते."

"आणि आम्हाला पत्ता नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

गिऱ्हाइकासमोर मालक काय बोलणार? त्यांनी डाव्या हाताने किल्ली पुढे केली.

वहिनी बसल्या. सीटखाली हात घालून दांडा ओढला. इतक्या वर्षांत तो कोणी ओढला नव्हता, खाचेत काचेचा चुरा बसला होता. मी अशी किंचाळले की गिऱ्हाइकाने कपाळाला आठ्या घातल्या. पण सीट आली. पाय पोचले. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी मला एकदा बंद पाडलं, पुन्हा सुरू केलं, आणि मग आम्ही निघालो. पहिलं वळण त्यांनी इतकं रुंद घेतलं की पाववाल्याने दुकानाची पाटी आत घेतली. दुसरं बरं घेतलं. पुलावर पोचेपर्यंत माझी लांबी त्यांना कळली होती. पलीकडे ते हॉटेल दिसत होतं, बिनपडद्यांच्या खिडक्यांचं. वहिनींनी तिकडे पाहिलं आणि गिअर बदलला. मला बरं वाटलं. इतकी वर्षं मी त्यांना नेत होते, पण त्यांना हव्या त्या दिशेने कधी नेलं नव्हतं.

अंगणात परतल्यावर गृहस्थ उतरले. "आवाज स्वच्छ आहे," ते म्हणाले. "मी घेतो."

मालकांचा चेहरा उजळला. त्यांनी रीत मोडली नाही. "नाना, चालेल?"

"चालेल."

"मला तर चालेलच. बेटा, तुला?"

मुलगी आईकडे बघत म्हणाली, "चालेल... म्हणजे, चालेल."

मग सवयीने, जवळजवळ न विचारता, "आणि तुला तर—"

"नाही चालणार," वहिनी म्हणाल्या.

सर्वांत जास्त दचकले ते गृहस्थ. "नाही चालणार?" त्यांनी बॉनेटला कान लावला. "अहो, आत्ता तर छान चालली की! काही दोष लपवलाय का तुम्ही?"

मालकही गोंधळून म्हणाले, "अगं, असं काय म्हणतेस? कुठे बिघडलीय?"

"कुठेही नाही. गाडीला काही धाड भरलेली नाही," वहिनी म्हणाल्या. "गाडी चालेल. मला नाही चालणार."

त्या घरात हे वाक्य कोणी ऐकलेलंच नव्हतं. वहिनींनीच पुढे सांगितलं. आवाज चढवला नाही. "हॉटेलचं काम हातचं गेलं तर असं पुन्हा माझ्याकडे येणार नाही. ही गाडी घेताना सगळ्यांची गरज बघितलीत. माझी राहून गेली. इतके दिवस चालवून घेतलं. आता चालवून घेणार नाही, चालवणार."

नानांनी काठी जमिनीवर आपटली. मला वाटलं आता ते सुनावणार. पण ते मुलाकडे वळून म्हणाले, "तुझी आईसुद्धा 'चालेल' म्हणायची रे. मीही कधी पुढे विचारलं नाही." एवढं बोलून ते घरात गेले.

गृहस्थांनी टोपी घातली. "तुमच्या घरात आधी सूर जुळू द्या," ते म्हणाले. त्यांच्यासाठी फेरी फुकट गेली, पण मला त्यांचा राग दिसला नाही.

आता माझं वय झालंय. रंग उडालाय, डिकी ठोसा मारल्याशिवाय लागत नाही. काचा मी अजून वाहते, पण त्यांच्यावर पडद्यांचे गठ्ठे असतात, त्यामुळे जुन्या चादरींना सुट्टी मिळाली आहे. हॉटेलच्या सगळ्या मजल्यांवर पडदे लागून आता ते धुवायलाही आले. सीट मात्र पुढेच राहते. मालकांचा हात बरा झाल्यावर ते पहिल्यांदा बसायला गेले आणि त्यांचा गुडघा स्टिअरिंगवर असा आदळला की नाना आतून म्हणाले, "आता कळलं गुडघा काय असतो ते!"

तुम्ही गाडी घ्यायला जाल, तर एक विनंती आहे. सगळ्यांना चालेल अशी एकच गाडी जरूर घ्या, ती मिळते, मी त्याचा पुरावा आहे. पण घरात जे माणूस झटकन 'चालेल' म्हणतं, त्याला आधी एकदा स्टिअरिंगपाशी बसवून बघा. पाय पोचतात का, ते विचारा.

परवाचीच गोष्ट. हॉटेलच्या दारांना नवी तावदानं हवी होती, म्हणून नवराबायको दोघंही निघाले. पुढे वहिनींच्या शेजारी दांड्या आडव्या, मागे काच. एकाच माणसाची जागा उरली होती. मालक वाकून तिथे बसले, एक हात मांडीवरच्या हत्यारांच्या पिशवीवर, एक हात चादरीत गुंडाळलेल्या काचेवर. वहिनींनी आरशातून मागे पाहिलं.

"अहो, नीट बसलात ना?"

मालकांनी एक छोटा श्वास घेतला. "चालेल," ते म्हणाले.

वहिनींनी मला सुरू केलं नाही. त्या मागे वळल्या.

"चालेल म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. "नीट सांगा."