साडेचार सेंटिमीटर

"साडेचार," दिलीप म्हणाला, आणि कुंपणापाशी स्केट्स घेऊन उभ्या असलेल्या शे-दीडशे माणसांचे चेहरे पडले.

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनजवळच्या आमच्या या गावात बर्फाचा क्लब आहे. तळं गोठलं की बर्फाची जाडी मोजून लोकांना आत सोडायचं की नाही, हे क्लबचा एक माणूस ठरवतो. यंदा ते काम माझ्या नवऱ्याच्या गळ्यात पडलं होतं. पंचवीस वर्षं यंत्रांचे सुटे भाग तपासून 'नापास' म्हणणारा माणूस! ताकही फुंकून पितो. आणि आम्ही आल्यापासून दहा वर्षांत तळं पहिल्यांदाच एवढं गोठलेलं.

सकाळपासून त्याने ड्रिलने बारा भोकं पाडली होती. अकरा ठिकाणी बर्फ बारा सेंटिमीटरच्या वर भरला. बाराव्या ठिकाणी, लव्हाळ्यांजवळ, साडेचार.

"सरासरी छान आहे की," क्लबचा अध्यक्ष विम डचमध्ये म्हणाला. "तेवढ्या भागाला फीत बांधू."

"माणूस सरासरीवर उभा राहत नाही, विम. पाय पडतो तिथे उभा राहतो. आणि लहान मुलं फितीखालून जातात." तळं बंद असल्याचा लाल झेंडा दिलीपने काही उतरवला नाही.

मग आमची प्रांजली पुढे आली. ग्रोनिंगनचं शिक्षण आटोपून येत्या मंगळवारी ती नोकरीला सिंगापूरला निघणार होती. शाळेत असताना पाच वर्षं दर शनिवारी दिलीपने तिला हॉलमधल्या बर्फावर स्केटिंग शिकायला नेलं होतं. खऱ्या तळ्यावर ती एकदाही उतरली नव्हती.

"बाबा, फक्त मी. फाइव्ह मिनिट्स. मी त्या साइडला जाणारच नाही."

"तू उतरलीस की सगळे उतरतील."

"मला परत कधी चान्स मिळणार? सिंगापूरला?"

"नाही गं, पिल्लू."

तेवढ्यात कुणाच्या तरी फोनवर बातमी आली, शेजारच्या गावाने त्यांचं तळं उघडलं. झालं! लग्नाला निघाल्यासारखं सगळं गाव तिकडे निघालं. "त्यांच्याकडे जाडी किती आहे?" दिलीप विचारत होता. उत्तर द्यायला कुणी थांबलं नाही.

मला त्याचा असा संताप आला म्हणता! "आता इथे आहे कोण? चल आमच्याबरोबर. पोरीला एकदा तरी बघ."

"मी गेलो आणि कुणी उतरलं तर? झेंडा काय, काठीला लावलेलं कापड."

"मग बस राखत!" मी म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. प्रांजली आधीच बसली होती. तिने बापाकडे वळून पाहिलंसुद्धा नाही.

तिकडे काही म्हणजे काही झालं नाही. कुणी बुडालं नाही, कुणाचा पायही भिजला नाही. लोक वाटाण्याचं गरम सूप पीत होते. मधूनच बर्फ कडाडला की मीच एकटी देवाचं नाव घ्यायची. प्रांजली मात्र कमरेत वाकून, दोन्ही हात पाठीवर बांधून अशी सुटली की माझे डोळेच भरून आले. मी व्हिडिओ काढला. ती मैत्रिणींबरोबर थांबली आणि मी चारच्या सुमाराला परत आले.

दिलीप तिथेच उभा होता. नाक लालबुंद, चहा केव्हाच संपलेला.

"तिघांना परत पाठवलं," तो म्हणाला.

"तिकडे काही झालं नाही." मला ते त्याला ऐकवायचंच होतं.

"बरं झालं गं."

अगदी मनापासून म्हणाला. मला उगीच बोलले असं झालं.

"तुला यायचं नव्हतं का रे?"

"यायचं होतं गं. खूप यायचं होतं."

मी फोन पुढे केला. त्याने हातमोजा काढला, पण थंडीने बोटं इतकी बधिर झाली होती की त्याला फोन धरताच येईना. मग मीच तो त्याच्यासमोर धरला. सगळा मिळून चाळीस सेकंदांचा व्हिडिओ.

"डावं वळण बघ किती सफाईने घेतलं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पुन्हा लाव."

मी पुन्हा लावला.