काकांच्या फ्रीझरची गळती

मी एक जुना, अर्धा टकलू झालेला दाढीचा ब्रश आहे. हसू नका मित्रांनो! एके काळी रोज सकाळी मी एका गृहस्थांच्या गालांवर फेसाचे डोंगर उभारायचो. मग त्यांनी दाढी वाढवली आणि मी बेकार झालो. पण त्यांची मुलगी फ्रीज दुरुस्त करते. सगळे तिला ताई म्हणतात. तिने मला बाबांच्या कपाटातून उचललं आणि थेट हत्यारांच्या पेटीत टाकलं. पाने आणि पकडी माझ्याकडे बघून फिदीफिदी हसले. हसेनात का! माझं काम त्यांना कुठे जमतं?

फ्रीजच्या नळ्यांमधून गार करणारा गॅस फिरत असतो. तो कुठून निसटला तर डोळ्यांना दिसत नाही. ताई मला साबणाच्या पाण्यात बुडवते आणि नळीच्या सांध्यांवरून फिरवते. जिथे गळती, तिथे बुडबुडा! असा बुडबुडा दिसला की मला नाचावंसं वाटतं.

माझा सगळ्यात आनंदाचा दिवस उगवला तो आईस्क्रीमवाल्या काकांच्या दुकानात. शाळेचा शेवटचा पेपर होता. दुपारी पोरांची झुंबड उडणार, आणि ऐन वेळी फ्रीझरने मान टाकली. वर्षातली ही तिसरी खेप. काकूंनी आईस्क्रीमचे डबे कसेबसे बर्फात खुपसले आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आज मालाचं पाणी झालं तर दुकान आवरायचं. मला आता हा जिवाला घोर नको," त्या म्हणाल्या.

काकांचा चेहरा बघवेना. "ताई, गॅस भर आणि मोकळी हो. दर वेळी तेच करतात."

"आणि दर वेळी तो जातो कुठे, काका?"

"जाईना का! हवा काय आपल्या दोघांचीच आहे?"

"नाही ना, म्हणून तर! हा गॅस हवेत गेला की सगळ्यांचाच उन्हाळा आणखी तापतो. आधी गळती, मग गॅस."

झालं! ताईने मला कामाला लावलं. पुढचे सांधे ठणठणीत. बाजूचे ठणठणीत. इकडे बर्फ वितळत होता आणि काका येरझाऱ्या घालत होते. शेवटी भिंतीकडच्या नटावर मी फेस लावला, आणि अहाहा! एक टपोरा बुडबुडा फुगला. त्याच्यामागे दुसरा.

"हा नट सैल कसा झाला? नळी कोण ओढतं?" ताईने विचारलं.

काका ओशाळले. "ओढत नाही गं. रोज सकाळी पुसतो." त्यांनी नळीमागून फडकं घातलं, दोन्ही टोकं धरली आणि टॉवेलने पाठ पुसावी तसं खसाखसा ओढून दाखवलं.

"अहो, इतक्या मायेने कधी माझी विचारपूस केली नाहीत!" काकू म्हणाल्या, आणि सगळेच खो खो हसत सुटले.

नळीत उरलेला गॅस काढायचा होता. "सोडून दे फुस्सकन, वेळ वाचेल," काकांनी घाई केली. ताईने ऐकलं नाही. तिने मशीन लावून तो गॅस सिलिंडरमध्ये ओढून घेतला. मग नळीचं तोंड नव्याने बसवलं, नट आवळला आणि तपासणीसाठी नळ्यांत नायट्रोजन दाबून भरला, तो हवेत गेला तरी अपाय करत नाही.

एव्हाना पोरं दारात जमली होती. "काकू, आईस्क्रीम?"

"तो ब्रश काय म्हणतो बघू. बुडबुडा आला तर दुकान बंद!"

मंडळी, आता सगळी मदार माझ्यावर! मी नटावर दाट फेस पसरला. पोरं टाचा उंचावून बघू लागली. काकांनी तर डोळेच मिटून घेतले. फेस गपगार बसून राहिला. एकही बुडबुडा नाही. आणि पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला! काहीही घडलं नाही म्हणून एवढ्या टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या.

ताईने नायट्रोजन सोडून नळ्या रिकाम्या केल्या आणि मोजका गॅस भरला. फ्रीझर पुन्हा गुणगुणू लागला. डबे आत गेले. काकूंनी काकांच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "उद्या दुकान जरा लवकर उघडू या."

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणी "गॅस भरून देतो" म्हणालं, तर आधी विचारा, "पहिला गेला कुठून?" सांधा न् सांधा तपासायला लावा, जुना गॅस हवेत सोडू देऊ नका. आणि फेस गपगार बसून राहिला, की टाळ्या वाजवायला लाजू नका. आम्हा ब्रशांना तेवढंच पुरतं.