चारशे बाराव्या पानाची घडी

राजपत्र जगात तिघेच वाचतात: ते लिहिणारा, ते छापणारा, आणि ज्याचे नुकसान होऊन चुकले आहे तो. बाइंडर या तिघांत मोडत नाही. सरकारी ग्रंथालयाच्या तळघरात तो एकोणीस वर्षे राजपत्र शिवत होता. दर आठवड्याचा अंक आला की त्याच दिवशी पाने जुळवून कच्ची शिलाई, आणि तिमाही संपली की निळ्या कापडात पक्की बांधणी. त्याला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या उस्तादाचा पहिला धडा होता, "शिवणाऱ्यानं वाचायचं नाही. वाचायला लागलास की सुई बोटात जाते." हा धडा त्याने इतक्या निष्ठेने गिरवला की पानांचे आकडे सोडले तर छापील मजकूर त्याला राखाडी ठोकळ्यासारखा दिसे.

ज्या बाईबरोबर तो राहत होता, तिच्याशी त्याचे लग्न झाले नव्हते. तिला सातवा महिना लागला असताना दोघांचे बिनसले आणि ती माहेरी निघून गेली. त्याने अकरा पत्रे धाडली, अकराही न फोडता परत आली. महिनाभर दारावर जात राहिला, दार उघडले नाही. मग त्याने बांधणीच्या उरलेल्या कापडाचे एक पुस्तक शिवले: अक्षर नसलेले, गोल कोपऱ्यांचे, बाळाने चावले तरी चालेल असे.

पाच महिन्यांनी तिची धाकटी बहीण तळघराच्या पायऱ्या उतरून आली.

"भावजी," ती म्हणाली. कायद्याला ज्या नात्यासाठी कप्पा सापडला नव्हता, त्याला तिने हाकेत जागा देऊन ठेवली होती. "मुलगी झाली. ताईनं दत्तक देऊन टाकली. बापाच्या रकान्यात 'अज्ञात' लिहिलंय."

"अज्ञात? अगं, महिनाभर तुमच्या दारात उभा होतो मी!"

"दारातलं माणूस फॉर्मवर येत नाही, भावजी."

दत्तक कार्यालयातल्या बाई वाईट नव्हत्या. अशा कार्यालयांत वाईट माणसांची गरजच पडत नाही. त्यांनी फाइल उघडली, तारखेवर बोट ठेवले. "हरकत घ्यायला तीस दिवस असतात. ते सरले. अज्ञात पित्यासाठी जाहीर सूचना काढली होती आम्ही."

"कुठं?"

"राजपत्रात."

कायद्याला माणसाचे अज्ञान चालत नाही. स्वतःचे मात्र तो छापून प्रसिद्ध करतो. बाइंडर ग्रंथालयात परतला, तिसऱ्या फळीवरचा खंड त्याने काढला. शिलाई त्याचीच होती. चारशे बारावे पान: 'बालिकेच्या अज्ञात पित्यास कळविण्यात येते की…' खाली इस्पितळ, जन्मतारीख, मुदत. आयुष्यात त्याला आलेले सर्वांत महत्त्वाचे पत्र त्याने त्याच दिवशी, सरळ टाक्यांनी, न वाचता शिवून टाकले होते.

"काखेत कळसा नि गावाला वळसा!" घरी त्याची आई कडाडली. "एवढी पानं चाळलीस, एक तरी वाचायचंस रे मेल्या!" मग त्याच्याकडे पाठ करून ती कितीतरी वेळ तेच एक भांडे घासत राहिली.

न्यायालयात दत्तक घेणाऱ्या जोडप्याच्या वकिलाने सौम्य स्वरात विचारले, "सूचना तुम्ही पाहिलीच नाही म्हणता?"

"वाचली नाही."

"पाहिली?"

"माझ्याच हातून गेली, साहेब. अंक आला त्याच दिवशी."

त्याच्या स्वतःच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. एवढे खरे कोणी मागितले नव्हते.

न्यायाधीश बाई पुढे झुकल्या. "म्हणजे अंक तुम्ही उघडला होता?"

"शिवला होता."

मागच्या बाकावर कोणीतरी हसले.

निकाल नऊ पानांचा होता आणि भाषा निर्दोष होती: सूचना अर्जदारास नुसती उपलब्ध नव्हती, ती त्याच्या हातात होती, सबब अर्ज फेटाळण्यात येतो. कापडी पुस्तक 'अर्जदाराची आस्था' म्हणून दाखल झाले होते. कारकुनाने त्याच्या पहिल्या पानावर पुराव्याचा शिक्का उमटवला. त्या पुस्तकात कधी काळी आलेली अक्षरे ती एवढीच.

निघताना दत्तक कार्यालयातल्या बाई जिन्यावर थांबल्या. "अठरा वर्षांची झाली की तिला नोंदी पाहता येतात," त्या हळूच म्हणाल्या. "मागायला आली तर सूचनेचा खंड आणि पान सांगतो आम्ही."

दुसऱ्या दिवशी बाइंडरने तो निळा खंड उसवला. पुस्तकाला सवय लावता येते. एका घडीत दोरा किंचित सैल सोडायचा, कण्यावरची खळ ओली असतानाच तिथे पुस्तक उलगडून दाबायचे. मग ते कुठेही ठेवा, त्याच पानावर उघडते. चारशे बाराव्या पानाला त्याने ती सवय लावली. मुलगी येईल, खंड टेबलावर ठेवील, आणि तिला शोधावे लागणार नाही.

पण हा कागद हलका असतो. पंधरा वर्षांत घडीवर ठिसूळ होतो, आणि प्रत्येक वेळी उघडला की थोडा लवकर. हे बाइंडरइतके कोणाला ठाऊक असणार? पहिले काही महिने तो दर सोमवारी तिसऱ्या फळीशी जात असे, बोट ओळीखाली धरून वाचत असे. नंतर त्याने ते सोडले. आता तो वर्षातून एकदाच, सूचनेत छापलेल्या जन्मतारखेला, खंड टेबलावर उभा धरतो आणि हात सोडतो. पान अजून उघडते. तो ते वाचत नाही. घडीवर भेग तर पडली नाही ना, एवढे बोटाने चाचपून पाहतो, आणि मिटतो.