पाण्याचे प्रश्न

थप्पड, धक्का, केस धरून ओढणे, लाथ, गळा आवळणे, चटका देणे. हे शब्द वाणसामानाच्या यादीसारखे सपाट आवाजात वाचायचे, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. आवाजात कणव आली की समोरची बाई रडते आणि राग आला की ती नवऱ्याची बाजू घेऊ लागते. दोन्हीकडून उत्तर नासतं. समाजशास्त्राची पदवी घेऊन आलेली आणि प्रत्येक नियमापाशी हात वर करणारी एक मुलगी त्या वर्गात होती. बाकीच्या मुली तिला शंकाताई म्हणत. हळूहळू हजेरी घेणारेही तेच म्हणू लागले.

अभ्यास घरातल्या मारहाणीचा होता. घरं चिठ्ठ्या टाकून निवडलेली. चिठ्ठीत निघालेलं घर नको म्हणून शेजारचं घ्यायचं नाही, कारण मग नमुना नमुना राहत नाही, ओळखीपाळखीचा गोतावळा होतो. बाईला एकटीला गाठायचं. अभ्यास कशाचा आहे हे तिच्याशिवाय घरात कुणाला कळू द्यायचं नाही. मध्येच कुणी आलं तर ताबडतोब नळाच्या पाण्याविषयीचे प्रश्न सुरू करायचे. त्यासाठी ते वेगळे पाठ करून ठेवलेले. प्रश्न तोंडी असत. कागदावर फक्त आकड्यांच्या ओळी, एक म्हणजे कधीच नाही, पाच म्हणजे नेहमी. उत्तर येईल त्या आकड्याभोवती गोल काढायचा. कागद कुणाच्या हाती पडला तरी त्याला कशाचा थांग लागू नये, अशी ती योजना होती.

त्या दिवशीचं घर बस-तपासनिसाचं होतं. खोली तिसऱ्या मजल्यावर, एकच खिडकी, खिडकीखाली शिवणयंत्र आणि जमिनीवर पांढऱ्या शर्टांचा ढीग. तपासनिसाची बायको कारखान्यातून आलेल्या शर्टांना काजं करून देत असे. बोलता बोलता तिची सुई थांबत नव्हती. पहिली उत्तरं तिने शर्टाकडेच बघत दिली. थप्पड, पाच. लाथ, पाच. गळा, चार.

"चटका?" शंकाताईने विचारलं.

"इस्त्रीचा. पण तो चुकून लागला."

"चुकून कितीदा?"

हा प्रश्न पाठांतरात नव्हता. सुई थांबली. बायको जरा वेळ विचारात पडली, जणू हा हिशेब तिने कधी केलाच नव्हता. "चुकून नेहमीच," ती म्हणाली, आणि त्या उत्तराचं तिला स्वतःलाच नवल वाटलेलं दिसलं.

"मारताना कधी एखादी वस्तू वापरली?"

"नेहमीच," म्हणत बायकोने कानावरचे केस मागे सारले. कानाच्या वरच्या कडेला, जिथे कुणी कान टोचत नाही तिथे, गोल, स्वच्छ काठाचं भोक होतं. "तिकिटाला भोक पाडतात ना, त्याच चिमट्याने. मी न सांगता बहिणीकडे गेले होते. म्हणाले, विनातिकीट फिरतेस, आता पाडून ठेवतो." तिने केस पुन्हा पुढे घेतले. "झोपेत केलं. जागी असते तर मान हलली असती, असं म्हणाले."

शंकाताईने पाचावर गोल काढला. गोल नेहमीसारखाच नेटका आला, याचा तिला अभिमानही वाटला आणि लाजही. तेवढ्यात जिन्यात बूट वाजले.

"तेच," बायको पुटपुटली. "आज दुपारची पाळी होती की."

"तर ताई, नळाला पाणी किती वेळ येतं?" शंकाताईने आवाज चढवून विचारलं.

तपासनीस दारात आला. धिप्पाड, तोंडभर हसू, खांद्याला चामड्याची पिशवी, कमरेला तो चिमटा. शंकाताईने गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं, पाण्याच्या पाहणीचं सांगितलं. तो खुशीत येऊन खाटेवर बसला.

"मग मला विचारा की. हिला काय कळतंय? ही विहिरीत पडली तरी विचारील, पाणी कुठंय."

शंकाताई हसली, हसणं भाग होतं. बायकोही हसली, पण तिचं हसणं सवयीचं होतं. पाणी केव्हा येतं, गढूळ असतं का, साठवता कशात, सगळ्याला तो ऐसपैस उत्तरं देत गेला. मध्येच नगरपालिकेला दोन शिव्याही हासडल्या. मग बूट सोडता सोडता म्हणाला, "खाली दुकानदार सांगत होता, एक बाई केव्हाची वर गेलीय म्हणून. मला वाटलं विमावाली. एवढ्या वेळात तुमचा पहिलाच प्रश्न चाललाय?"

"आधी घराची माहिती घेतली," ती म्हणाली.

"बघू." त्याने कागद ओढूनच घेतला. त्याचा अंगठा गोलांवरून सरकत खाली आला. "खोली एक, माणसं दोन. माहिती संपली. आणि आकडे एवढे?" तो कागदाकडे बघतच बोलत होता. "उभा जन्म फुकट्यांच्या मागे गेला माझा, बाई. तिकीट मागायच्या आधी मी मान बघतो. ज्याच्याकडे नसतं त्याची मान आधीच वळलेली असते."

पण त्याने शंकाताईची मान पाहिली नाही. तो बायकोकडे वळला.

"काय विचारलं तुला?"

"पाण्याचं."

"आणखी?"

"पाण्याचंच."

तो उठला. घाई नव्हती, आरडाओरडा नव्हता. विहिरीवर दोर गुंडाळावा तसा त्याने तिचा शेपटा मनगटाभोवती गुंडाळला आणि तिचं कपाळ शिवणयंत्राच्या कडेवर आदळलं. आवाज फार मोठा झाला नाही. दोऱ्याचं रीळ घरंगळत खाटेखाली गेलं.

"आणखी काय?"

"पाणी," ती म्हणाली.

त्याने पुन्हा आदळलं. भुवईतून रक्त आलं आणि मांडीवरच्या शर्टाच्या कॉलरवर पडलं. ते पाहून तो थबकला. शर्टांचा ढीग त्याने पायाने हलकेच दूर सारला. "परक्याचा माल आहे," तो म्हणाला. "डाग पडला तर भरपाई कोण देणार?" आणि शेपट्याला हिसडा देऊन त्याने तिचं डोकं तिसऱ्यांदा मागे ओढलं.

धोका दिसताच मुलाखत थांबवावी आणि घर सोडावं, असा नियम होता. दार उघडं होतं. निरीक्षकाने निरीक्षणात शिरायचं नाही, हे तर पहिल्या वर्षीच शिकवलेलं; परीक्षेत त्यावर तिने भरभरून लिहिलंही होतं. पण त्या उत्तरात हे कुठे होतं की निरीक्षक निघून गेल्यावर आकडे मागे राहतात? ते गोल त्या बाईच्या तोंडून निघाले होते, आणि तो त्यांचा अर्थ तिच्या हाडांतून काढणार होता. त्या गोलांना दुसरा कुठला तरी धनी मिळायला हवा होता.

"यांना मी काही विचारलंच नाही," शंकाताई म्हणाली.

तपासनिसाचा हात मागेच राहिला.

"आकडे मी मनाने मारलेत, साहेब. जिने चढून चढून पाय गेले माझे. म्हटलं इथेच बसून कागद उरकावेत. यांचा काही दोष नाही. पाया पडते, ऑफिसात कळवू नका."

हे शेवटचं वाक्य तिला ऐनवेळी सुचलं, आणि त्यानेच काम केलं. तपासनिसाच्या चेहऱ्यावर हळूहळू प्रकाश पडला. हातातला शेपटा सुटला. बायको यंत्राला टेकून खाली बसली.

"तरीच," तो म्हणाला. "चोराच्या मनात चांदणं. पगार घेता आणि घरबसल्या गोल काढता होय?" त्याने शंकाताईचं मनगट धरून असं पिरगळलं की ती गुडघ्यांवर आली. "हलायचं नाही. मुद्देमालासकट सापडलीस."

ओळखपत्राच्या मागे दोन नंबर होते, एक मुख्य कार्यालयाचा, दुसरा पर्यवेक्षिकेचा. त्याने दोन्हीकडे फोन केला. मुख्य कार्यालयाला आपलं नाव, पत्ता आणि तक्रार संथपणे, अक्षरं फोडून लिहून घ्यायला लावली. मग उंबऱ्यावर पाय टेकून उभा राहिला, बसच्या दारात राहतो तसा. बायकोने पदराचा बोळा भुवईवर दाबून धरला होता. तिने एकदाच मान वर करून शंकाताईकडे पाहिलं. त्या नजरेत आभार नव्हते. पुढे काय बोलायचं, एवढाच प्रश्न होता.

पर्यवेक्षिका पलीकडच्याच गल्लीत होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, जाड भिंगांचा चष्मा. सगळ्या मुली त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. शंकाताईचे कागद त्या इतरांना नमुना म्हणून दाखवत. म्हणूनच त्या जिना चढू लागल्या तेव्हा शंकाताईला पुढचं दिसलं. आता या माझी बाजू घेतील, आणि घात होईल.

झालंही तसंच. तक्रार ऐकून बाई म्हणाल्या, "ही? शक्य नाही. माझ्या हाताखालच्या सगळ्या मुलींत—"

"मी केलंय, बाई," शंकाताई मध्येच म्हणाली. "याआधीही केलंय."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, बायकोच्या भुवईवरच्या लाल बोळ्याकडे पाहिलं. मग पडताळणीच्या रिवाजाप्रमाणे त्या बायकोकडे वळल्या. "तुम्हाला यांनी काय विचारलं?"

"पाण्याचं एक विचारलं," बायको सावकाश म्हणाली. "मग मोबाइल काढून बसल्या. मधूनच कागदावर गोल काढायच्या. मला वाटलं, शिकलेल्या माणसांची काम करायची हीच रीत असेल."

तपासनीस मोठ्याने हसला. मग हसू विझलं. "म्हणजे तू बघत होतीस? आणि मी विचारतोय तर पाणी पाणी करतेस?" पुढे होऊन त्याने बसलेल्या बायकोच्या कुशीत लाथ घातली. ती शर्टांच्या ढिगावर वाकडी झाली आणि तिच्या तोंडून हवा गेल्यासारखा आवाज आला. त्याने पाय पुन्हा मागे घेतला.

त्याच क्षणी बाईंनी शंकाताईच्या थोबाडीत मारली.

खोलीत तो आवाज केवढा तरी मोठा वाटला. "निर्लज्ज," बाई म्हणाल्या. "त्यांना काय ठाऊक तुझं काम कसं असतं ते? चोरी तू केलीस, आणि मार त्यांनी खायचा?" दुसरी थप्पड बसली. बाईंच्या अंगठीने ओठ फुटला, तोंडात लोखंडाची चव आली. चष्म्याआडचे डोळे मात्र तिच्याकडे नव्हते. ते त्या हवेतल्या पायावर खिळले होते.

पाय खाली आला.

"द्या आणखी एक," तपासनीस म्हणाला. तो आता प्रेक्षक झाला होता. "अशांना असंच लागतं."

"बाकीचं ऑफिसात, साहेब. तुमच्यासारखी चार माणसं असती तर आम्हाला तपासणी ठेवावी लागली नसती."

तो फुलला. "ऊठ गं," बायकोला म्हणाला, "बाईंना पाणी दे." बायको भिंत धरून उठली. तिने दोन पेले आणले आणि त्या दोघींनी ते त्याच्यासमोर संपवले.

दोघी रस्त्याच्या वळणापलीकडे आल्या. एका बंद दुकानाच्या पायरीवर बाई बसल्या. उजव्या हातातली अंगठी काढून त्यांनी मुठीत धरली.

"लागलं?"

"लागलं."

"शाळेत एवढी वर्षं काढली, पोरांवर हात टाकला नाही कधी." त्यांनी हात पदराखाली घेतला. "त्याला कुणीतरी मार खाताना बघायचं होतं. तिच्याऐवजी तू, एवढंच सुचलं."

"आज पुन्हा मारील तिला?"

"आज बहुधा नाही. आज तो जिंकलाय. उद्याचं कुणी सांगावं." बाई उठू लागल्या. "चल. मी वर सगळं खरं सांगते. तुझ्यावर डाग राहू देणार नाही."

शंकाताईने नेहमीप्रमाणे शंका काढली. "तक्रारीला लेखी उत्तर जातं ना, बाई?"

"जातं."

"चौकशीत मी निर्दोष ठरले तर काय लिहितील?"

"तक्रार निराधार." बाई पुन्हा खाली बसल्या. ते पत्र तपासनिसाच्या हाती पडलं की ते गोल पुन्हा त्याच्या बायकोचे होणार होते.

"मग मी कबूल करते," शंकाताई म्हणाली.

"तुझी सगळी घरं बाद होतील. एकूण एक. आणि पुन्हा कुठल्या पाहणीत तुला कुणी उभं करणार नाही."

नोकरीचं तिला एव्हाना कळून चुकलं होतं. पण ती घरं. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून मोरीतला नळ सोडून बोलणारी ती म्हातारी. प्रत्येक प्रश्नाला हसणारी, आणि शेवटच्या प्रश्नाला हसता हसता हुंदका आलेली ती नर्स. आयुष्यात पहिल्यांदा बोलतेय, असं म्हणणाऱ्या कितीतरी. त्या बोलल्याच नव्हत्या, असं आता ठरणार होतं.

"बाद होऊ देत," ती म्हणाली, आणि ओठाचं रक्त पुसलं.

निघताना मुद्देमाल म्हणून तपासनिसाकडून घेतलेला तो कागद बाईंनी चष्म्याजवळ नेला. "हा मात्र कबुलीला जोडता येणार नाही."

"का?"

"खोटे आकडे मारणारी मुलगी टोकाला जात नाही. भीती असते ना, डोळ्यांवर येईल म्हणून. दोन, तीन, दोन, अशी मध्येच घुटमळते. आणि हे बघ. पाच, पाच, चार, पाच. ज्याने थोडेफार कागद तपासलेत तो एका नजरेत म्हणेल, हे कुणीतरी सांगितलेलं आहे." त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढून तिच्या गुडघ्यावर ठेवला, आणि जुन्याचे बारीक बारीक तुकडे करायला घेतले. "भर."

"मला येत नाही, बाई. कधी केलं नाही."

"मी वाचते." बाईंनी आवाज सपाट केला. "थप्पड."

शंकाताईने दोनावर गोल काढला. क्वचित.

"लाथ."

दोन.

"गळा आवळणे."

पेन तीनापाशी गेलं, मागे आलं, आणि तिने एकावर गोल काढला. कधीच नाही.

"चटका," बाई म्हणाल्या. तिने मान वर केली नाही, पेनही हललं नाही, तेव्हा त्यांनी आवाज न बदलता तोच शब्द पुन्हा वाचला.