शीर सापडेपर्यंत

धुळ्याच्या दवाखान्यात भागा भालेराव नर्स म्हणून लागली, त्याला चार वर्षं झाली होती. सलाईनची बाटली अडकवायची, नळी उकळून ठेवायची, थेंबांवर नजर ठेवायची, ही कामं तिची. शिरेत सुई घालणं मात्र डॉक्टरांचं. अडुसष्टच्या उन्हाळ्यात शिरपूरकडच्या डोंगरातल्या गावांत जुलाब-उलट्यांची साथ आली आणि व्हरांडासुद्धा भरला. डॉक्टर पाटणकर एकटे पडले. त्यांनी तिला सुई धरायला सांगितलं. चुकून कुणाचं वाईट झालं तर, असं ती म्हणाली. त्यांनी बाही वर केली आणि स्वतःचा हात पुढे धरला.

पहिल्या वेळी शीर फुटली, हात निळा पडला. दुसऱ्या वेळी नळीत रक्त आलं. तेव्हा ते एवढंच म्हणाले, "डोळ्यांनी शोधू नका. बोटाला कळू द्या."

दोन दिवसांनी चिंधा नावाच्या शेतमजुराने बायकोला, रुक्माबाईला, बैलगाडीतून आणलं. डोळे खोल गेलेले, हात गार, शिरा कुठे दिसेनात. डॉक्टर दुसऱ्या रोग्यात अडकलेले. भागाने सुई घातली, शीर निसटली. पुन्हा घातली; पुन्हा तेच. चिंधा हळूच म्हणाला, "ताई, तुले जमत नही. डाक्टरले बलाव."

तिला राग आला नाही. खरंच बोलत होता तो. पण डॉक्टरांना यायला वेळ होता आणि बाईकडे वेळ नव्हता. भागाने सुई खाली ठेवली. गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्या हाताला गुंडाळलं, हात खाटेखाली लोंबता सोडला आणि थांबली. मग कोपराच्या आतल्या बाजूला बोटाखाली काहीतरी जरासं उचललं गेलं. तिथे तिने सुई घातली. नळीत लाल धागा आला.

संध्याकाळी रुक्माबाईने पाणी मागितलं. तिच्या शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची शीर मात्र भागाला पहिल्याच झटक्यात सापडली होती, आणि तो दुपारीच गेला. असं का झालं, ते भागाला बरेच दिवस कळेना. शेवटी तिने समजून घेतलं, की सुई लागणं आपल्या हातात आहे, पुढचं सगळं नाही.

साथ ओसरल्यावर दवाखान्यातल्या नर्सांच्या प्रमुखाने, मेट्रनने, तिला जळगावला वॉर्डाच्या प्रमुखपदावर पाठवायचं ठरवलं. तिच्या गावी, भडगावात, तिच्या वडिलांनी, भिकाआबांनी, ते गल्लीभर सांगून टाकलं होतं. भागाने नाही म्हटलं; तिथे हातातली सुई सुटली असती. डॉक्टरांनी सलाईनसाठी वेगळी खोली केली होती, ती तिने मागून घेतली.

ती सुट्टीला घरी गेली, तेव्हा आबा रागावलेलेच होते. मग ओट्यावर तिच्याजवळ येऊन बसले.

"तू सुई लावस, मंग उठतस का लोके?"

"सगळाच नही, आबा," ती म्हणाली. "पन बराच उठतस."

आबांनी मान डोलावली आणि तिला चहा टाकायला सांगितला.