सात नंबरचा पाय

बोलायला मी लय तिखट, पण परवा माझी बोबडी वळली.

आडगावच्या वाटेला औषधशास्त्राचं कॉलेज हाय, तिथं उंदरांची खोली मी सांभाळते. आत चपला घालत नाय. सायली नावाची पोरगी म्हाताऱ्या उंदरांवर अभ्यास करते. वर्षभर तिनं त्यांना तंबाखूतलं निकोटीन पाण्यातून पाजलं. मग ते किती बिचकतात ते बघायचं, आणि तापल्या पत्र्यावर ठेवून पाय कधी उचलतात ते मोजायचं. पाय उचलला की लगेच बाहेर. सोमवारी तिनं निकोटीन बंद केलं.

मंगळवारी बघते तर सात नंबरचा म्हातारा कोपऱ्यात लटलटा कापतोय. बोट लावलं तर किंचाळला. अगं बाई, ही तर तलफ! तीस वर्षं मी मिसरी घासते. नवरात्रात सोडली की माझंबी असंच होतं, भांडं पडलं तरी छातीत धस्स. जीव कळवळला माझा. कनवटीची डबी काढली आणि ती जाळलेली तंबाखू चिमूटभर त्याच्या बाटलीत टाकली.

तो प्याला आणि सुस्त झाला. टिचकी मारली तरी ढिम्म. तेवढ्यात सायलीची स्कूटी वाजली. बाटली लपवायला गेले तर खळकन फुटली. काचा पायानंच कपाटाखाली सारल्या.

“मावशी, याची बाटली?”

“फुटली.”

तिनं सात नंबरला पत्र्यावर ठेवलं. सोमवारी चार मोजेपर्यंत पाय उचलला होता त्यानं. आज आठ झाले. बारा. तो आपला बसलेला. भाजत असेल मेल्याला, पण कळतच नसेल!

“काढ त्याला! मिसरी पाजलीय मी, काढ!”

सायलीनं झटकन उचलला. “किती?”

“मी घेते तेवढी.”

“अहो मावशी, तुम्ही केवढ्या, तो केवढा! मरेल ना!”

मला रडूच फुटलं. ती त्याच्या तळव्यांना गार पाण्याचा बोळा लावत राहिली, मी सप्तशृंगीला हाका मारत राहिले. बऱ्याच वेळानं त्यानं पाय मागं ओढला.

“कळलं गं त्याला!” मी ओरडले.

सायली फरशीकडं बघत होती. कपाटापासून माझ्यापर्यंत रक्ताचे ठसे होते. माझ्या टाचेत बोटभर काच रुतली होती.

मी खाली बसले. काच दाबून बघितली.

“दुखतंय ना, मावशी?”

मी अजून जोरात दाबली.