सुट्ट्या मालाची हमी

सोनीबाईनं ग्रामसभेच्या ठरावाची झेरॉक्स गोविंदाच्या कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरवर ठेवली आणि पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर तळहात दाबून धरला. गोविंदानं कागद घेतला, दाराच्या उजेडाकडे नेला, जवळ धरला, लांब धरला आणि परत तिच्या हातात दिला.

"तुमीच वाचा बाई. झेरॉक्स लय फिक्की आहे."

झेरॉक्स चांगली काळीभोर होती. तरी सोनीबाईनं कागद आपल्याकडे वळवला. मरकाटोल्याच्या ग्रामसभेची ती सचिव, पस्तिशीची, बारावी झालेली. गावाचं सगळं लिखाण तिच्याकडे. तिनं वाचलं, की बांबू विकून आलेल्या पैशातून ग्रामसभेच्या कामासाठी संगणक घ्यावा. त्यातला प्रत्येक भाग डब्बाबंद असावा. डब्बे गावात आणून सगळ्यांसमोर फोडावेत.

हा ठराव उगाच झाला नव्हता. दोन वर्षांपूर्वी कुणा व्यापाऱ्यानं या गावाला चकचकीत खोक्यात जुनापुराणा माल घालून विकला होता. चार महिन्यांत मशीन बसली ती उठलीच नाही, आणि व्यापाऱ्याचा फोनही तिच्याबरोबर बंद पडला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मरकाटोल्याचं तर अख्खं गाव फुंकर घालत बसलं होतं.

गोविंदानं बोटांवर हिशेब केला. सगळे भाग डब्बाबंद घेतले तर गावानं ठरवलेल्या रकमेत मशीन बसत होती, पण वीज गेल्यावर तिला सांभाळणारा यूपीएस बसत नव्हता. आणि मरकाटोल्याची वीज म्हणजे रुसलेला जावई. कधी येईल, कधी न सांगता निघून जाईल, काही नेम नाही. असे झटके खाऊन मशीन पुन्हा चार महिन्यांतच मान टाकणार, हे गोविंदाला दिसत होतं. अशा गोष्टी त्याला अजून स्पष्ट दिसत.

तोड त्याच्याकडे होती. प्रोसेसर, डिस्क, मेमरी, हे सुटे घ्यायचे. माल त्याच कारखान्यातला, तोच नंबर, तोच जीव. फक्त अंगावर रंगीत डब्बा नाही, प्रोसेसरसोबत पंखा नाही आणि कंपनीची तीन वर्षांची हमी नाही. डब्ब्यातल्या मालासाठी कंपनी उभी राहते. सुट्ट्या मालासाठी एक वर्ष फक्त विकणारा उभा राहतो. वाचलेल्या पैशात पंखाही येतो आणि यूपीएसही.

त्यानं हे सगळं सोनीबाईला समजावलं. तिला ते समजलंही, आणि तीच तर अडचण झाली.

"मले पटलं, भाऊ," ती म्हणाली. "पण मी एकटीनं काय होते? ठराव सगळ्यायनं केला. बदलवाचा असन तं सगळ्यायले बसा लागते. आमच्या गावात हात वर करून मोजत नाई. एक जण बी नाई म्हणत असन तं थे नाईच."

रविवारी सभा आहे, तिथे विचारते, असं सांगून ती बसच्या वेळेला निघून गेली.

गोविंदा मूळचा आरमोरीकडचा ढिवर. बाप तलावावर जाळं टाकायचा. पोरानं मात्र जाळ्याऐवजी तारा धरल्या. आधी रेडिओ, मग टीव्ही, आणि गेली पंचवीस वर्षं गडचिरोलीच्या बसस्थानकामागे आठ बाय दहाच्या गाळ्यात कॉम्प्युटर. शाळांची, सेवा केंद्रांची, पतसंस्थांची कितीतरी यंत्रं त्याच्या हातून उभी राहिली होती. मशीन बंद करण्याआधी तो आतल्या पत्र्यावर मार्करनं बारीक 'गो' काढायचा. कुणाला दाखवायला नाही, आपलं मन राखायला.

तीन महिन्यांपूर्वी नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, की साखरेनं पडदा खाल्ला आहे. गेलं ते परत येणार नाही, उरलं तेवढं जपा. घरी येऊन त्यानं बायकोला, देवकाबाईला, सांगितलं की चष्म्याचा नंबर वाढला. झाकली मूठ सव्वा लाखाची. दिवाळीपर्यंत रेटायचं आणि मग गुडघ्यांचं निमित्त करून दुकान बंद करायचं, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. गुडघे बिचारे ठणठणीत होते. लहानसहान दुरुस्त्या बोटांच्या सवयीनं व्हायच्या, पण नवी मशीन आता कुणी सांगत नसे. सगळे लॅपटॉप घेत. मरकाटोल्याची ही मशीन बहुधा त्याची शेवटचीच. ती नीट व्हावी असं त्याला फार वाटत होतं.

शेजारच्या गाळ्यातल्या मोबाईलवाल्या निकेशनं मधल्या भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी चहा घेऊन तो आला आणि माळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "त्यायले डब्बाच पाह्यजे ना काका? मंग डब्बा द्या. रिकामे पडून आहेत की इतले. सुट्टा माल आत टाका, वरून स्टिकर मारतो मी. यूपीएस बी होते, गाव बी खूश. तुमी का लुटून राह्यले का त्यायले? भलंच करून राह्यले."

निकेश वाईट माणूस नव्हे. आणि बोलणं इतकं सरळ होतं की गोविंदाला त्यात खोट सापडेना. तो गेल्यावर गोविंदानं खरंच एक डब्बा खाली काढला. त्यावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली. प्रोसेसर त्यात कसा चपखल बसतो हे बोटांनी चाचपून पाहिलं. मग त्याला तो ठराव आठवला. डब्बे सगळ्यांसमोर फोडावेत. म्हणजे कुणीतरी म्हातारी पुढे येणार, नखानं स्टिकर सोलणार, आणि अख्खं गाव समाधानानं मान हलवणार. ते चित्र त्याला सोसवेना. त्यानं डब्बा माळ्यावर परत फेकला आणि रविवारच्या पहिल्या बसची चौकशी करायला निघाला.

सुटे भाग चंदेरी पिशव्यांत घालून, वर पंचा गुंडाळून, त्यानं पोटाशी धरून नेले. धानोऱ्याच्या पुढे बस जात नव्हती. तिथून ग्रामसभेचा अध्यक्ष चैतू त्याला मोटारसायकलवर घेऊन गेला. सागाची पानं गळून रस्ताभर पसरली होती. मोहाची फुलं पडायला अजून पंधरा दिवस होते, म्हणून माणसं गावात सापडली. एकदा फुलं वेचायला माणसं रानात गेली, की सकाळी गावात कुत्रंही भेटत नसे.

गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सामाईक घराच्या, ओसरीत साठेक माणसं बसली होती, बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. गोविंदा मराठीत बोलत होता आणि सोनीबाई गोंडीत सांगत होती. चंदेरी पिशव्या हातोहात फिरल्या. पण कंपनी, कारखाना, हमी हे शब्द माणसांच्या डोक्यावरून जात आहेत, हे त्यानं ओळखलं. शेवटी त्यानं तो नाद सोडला आणि बियाण्यावर आला.

दुकानातली बियाण्याची पिशवी असते, तो म्हणाला, तिच्यावर चित्र असतं, कंपनीचं नाव असतं. उगवलं नाही तर कंपनीला धरायचं. आणि शेजाऱ्याच्या घरचं बियाणं असतं, टोपलीतलं, उघडं. धानच ते, कदाचित त्याच शेतातल्या बांधीतलं. उगवलं नाही तर शेजाऱ्याच्या दारात जायचं.

हे मात्र सोनीबाईला गोंडीत सांगावंही लागलं नाही. माणसं हसली, आपसात बोलू लागली. गोविंदाला वाटलं, जिंकली सभा. तेवढ्यात बायकांमधून सोमारी नावाची म्हातारी सावकाश काहीतरी बोलली, आणि ओसरीतल्या माना तिच्याकडे वळल्या. गावातलं बियाणं राखण्याचं काम चाळीस वर्षं तिच्याकडे होतं. तिचं बोलणं सोनीबाईनं मराठीत सांगितलं.

"थे म्हणून राह्यली, शेजाऱ्याचं दार वीस पावलावर असते. तुमचं दार दूर आहे. वर्षभरात आमी आलो अन् दार बंद असलं तं?"

म्हातारीनं विचारलं होतं ते मागच्या व्यापाऱ्याच्या अनुभवावरून. गोविंदाच्या दिवाळीबद्दल तिला कुठून ठाऊक असणार? पण बाण नेमका तिथेच लागला. दार उघडं राहील, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. ते खोटं ठरायला आठ महिने होते आणि तोवर कदाचित मशीनला काही झालंही नसतं. त्यानं समोर पाहिलं. साठ तोंडं होती. डोळे, नाक काही वेगळं दिसत नव्हतं, पण सगळी आपल्याकडे वळली आहेत एवढं कळत होतं.

"बंद राहीन," तो म्हणाला. "दिवाळीत मी दुकान बंद करून राह्यलो. मले दिसत नाई, बाई. परवा तुमचा कागद फिक्का नोयता. माह्या डोयाले वाचता नाई आला."

सोनीबाई ते गोंडीत सांगायला गावाकडे वळली.

"घरी बी सांगतलं नाई अजून," तो खाली बघून, तिच्यापुरतं म्हणाला. "थे नका सांगू त्यायले."

तिनं बाकीचं सांगितलं. मग सभा सुरू झाली, म्हणजे खरी सभा. गोंडीत, एकामागून एक, कुणी कुणाला न तोडता. गोविंदाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तो खांबाला टेकून बसला. गाव आता डब्बाबंदच घेणार, हे उघड होतं. यूपीएस गेला. मशीनही गेल्यातच जमा. निकेश हसेल. आणि तरीही, गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच, छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं त्याला वाटत होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली, की जे देवकाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून सांगायचं, ते आपण परक्या गावात खांबाला टेकून सांगितलं.

तासाभरानं चैतू त्याच्यापाशी येऊन बसला.

"सुट्टाच घ्याचा, असं ठरलं," तो म्हणाला. "बॅटरी बी घ्याची. सोमारीबाई म्हणते, मागच्यानं दार बंद करतो म्हणून सांगतलं नोयतं. तुमी सांगून राह्यले. पण गावाचं म्हणणं आहे, मशीन इथंच जोडाची, सगळ्यायच्या समोर. अन् जोडन सोनीबाई. तुमी सांगाचं. मंग काई बिघडलं तं आमी तुमच्या दुकानात नाई येत, घरी येतो. तुमी सांगान, सोनीबाई पाहीन."

गोविंदानं आयुष्यभर उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची टिंगल केली होती. आता तोच उंटावर बसणार होता. त्यानं मान हलवली.

पुढच्या रविवारी बाकीचं सामान आणि यूपीएस घेऊन तो परत गेला. ओसरीत चटई अंथरली. सोनीबाईनं हात धुऊन, पुसून, कोरडे केले. गोविंदा तिच्या शेजारी मांडी घालून बसला आणि गाव भोवती दाटीनं बसलं. प्रोसेसरची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, की कडेला धरा, खालच्या पिनांना बोट लावू नका. एका कोपऱ्यात बारका सोनेरी त्रिकोण असेल, तसाच खाली बोर्डावरही असेल. दोन्ही एका अंगाला आले पाहिजेत.

"दिसला," ती म्हणाली. मग हळूच, त्याच्यापुरतं, "इथी आहे," आणि त्याचं बोट धरून तिनं त्या कोपऱ्याजवळ नेलं.

"आता जोर नका लावू. नुसता ठेवा. बरोबर असन तं आपोआप बसते."

तिनं ठेवला. तो बसला. त्या बारीकशा आवाजावरून गोविंदाला कळलं, डोळ्यांची गरज पडली नाही. पत्रा लावण्याआधी त्यानं खिशातून मार्कर काढला, जरा घुटमळला आणि तिच्या हातात दिला. आत आपलं नाव लिहा, म्हणाला. तिनं लिहिलं. आधी 'गो' काढला, आणि त्याच्या शेजारी 'सो'. त्यानं आधी कधी हे कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या रविवारी सभेनंतर, आत काय असतं ते तिला कळावं म्हणून, चैतूनं गावातल्या शाळेचा, गोविंदानंच कधी जोडलेला, जुना कॉम्प्युटर उघडून दाखवला होता, तेव्हा ते अक्षर तिनं पाहून ठेवलं होतं.

मशीन सुरू झाली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं पुढे सरकून बघत राहिली आणि सोमारीनं यूपीएसवर हात ठेवून तो गरम होतो का, तेवढं पाहिलं.

मग सोनीबाईनं ग्रामसभेचं रजिस्टर काढलं. नवा ठराव तिनं मोठ्यानं वाचला. आधीचा ठराव बदलून सुटे भाग घेतले. एक वर्षाची हमी विकणाऱ्याची. दुकान बंद झाल्यास हमी घरी. खाली आधी सगळ्या गावाच्या सह्या आणि अंगठे झाले. मोकळी राहिली ती एकच ओळ. तिनं रजिस्टर गोविंदाच्या मांडीवर ठेवलं आणि पेन दिला.

त्यानं चष्मा कपाळावर सारला, कागद जवळ घेतला, लांब धरला. पांढऱ्यावर निळसर धुकं होतं, ओळ नव्हती. या खेपेला झेरॉक्सला दोष द्यायची सोयही नव्हती.

"बाई," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "सही कुठी कराची?"

सोनीबाईनं ओळीच्या सुरुवातीला बोट टेकवलं. गोविंदानं पेनाचं टोक तिच्या नखाला लावलं आणि तिथून पुढे, सावकाश, आपलं पूर्ण नाव लिहिलं.